बद्रीनाथच्या हातचा श्रीकार

पडदा वर जातो. रंगमंचावर जालन्याच्या नव्या मोंढ्यातलं, म्हणजे बाजारपेठेतलं, एक दुकान. डावीकडे सरकीच्या ढेपेची पोती छतापर्यंत, उजवीकडे तोलकाटा, मधोमध पांढरी गादी आणि तक्के. दाराला झेंडूच्या माळा. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पाटावर लक्ष्मीची तसबीर आहे, समई आहे, बत्तासे आहेत. पण दर वर्षी तसबिरीपुढे जिथे लाल बांधणीची कोरी चोपडी असायची, तिथे क्रोशाच्या रुमालाखाली काहीतरी चौकोनी झाकून ठेवलेलं आहे. हमाल, मापाडी, शेजारचे आडते, सगळे माना उंच करून बघताहेत. त्या गर्दीत मीही आहे, पेढ्याच्या आशेनं आलेला.

दुकानाचे मालक रामरावशेठ रुमाल उचलतात. संगणक! टाळ्या पडतात. मी जन्मभर टाळ्यांवर जगलेला माणूस आहे. खऱ्या टाळ्या आणि उपकाराच्या टाळ्या मला कानानं ओळखू येतात. त्या खऱ्या होत्या.

"उढाण, या," शेठ म्हणाले. "तुमच्या हाताबिगर न्हाई."

आणि पोत्यांच्या थप्पीमागून, ओले हात पायजम्याला पुसत, शेठचे मुनीम बद्रीनाथ उढाण पुढे आले. किडकिडीत अंग, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मांडी घालून बसले, कीबोर्डाला नमस्कार केला. औरंगाबादहून प्रोग्राम घेऊन आलेला इंजिनियर शेजारी उकिडवा बसला होता. त्यानंच तो प्रोग्राम बनवला होता आणि मोंढ्यातलं त्याचं हे पहिलं गिऱ्हाईक.

"इथं पासवर्ड टाका, काका," तो म्हणाला. "म्हणजे परवलीचा शब्द. रोज सुरुवात त्याच शब्दानं करायची."

"रोज? सगळ्यात आधी?"

"सगळ्यात आधी. तो टाकल्याबिगर वही उघडणारच नाही."

"मंग दुसरा कोणता असंल?" बद्रीनाथ हसले, आणि एका बोटानं, अक्षर शोधत, मोठ्यानं म्हणत त्यांनी टाकलं: एस, एच, आर, ई, ई. श्री.

पडद्यावर पाच फुल्या उमटल्या.

बद्रीनाथांचा चेहरा उतरला. "मी श्री लिहिला. ह्या फुल्या कामून आल्या?"

"कोणाला दिसू नये म्हणून, काका."

"श्री दिसू न्हाई? मंग काय दिसावं?"

दुकान हसलं. कोणीतरी हमाल मागून ओरडला, "मुनीमजी, फुल्या न्हाईत त्या, चांदण्या हायेत!" मग बद्रीनाथही हसले. शेठनी नारळ फोडला. इंजिनियरनं फुकट पेढे खाल्ले. आणि जो शब्द कोणालाही कळू नये म्हणून फुल्यांखाली झाकला होता, तो पन्नास माणसांनी 'श्री, श्री' म्हणून एका सुरात म्हटला. मीसुद्धा. माझा आवाज सगळ्यात मोठा होता, ही सवय.

आता ह्या माणसाची ओळख करून देतो. घनसावंगीजवळच्या गोदाकाठच्या गावचे हे. ज्या वर्षी जालना जिल्हा झाला, त्याच एक्याऐंशी साली मॅट्रिकचा दाखला पिशवीत घेऊन जीपच्या टपावर बसून आले आणि रामरावशेठच्या दुकानी लागले. अक्षर असं की मोंढ्यातले लोक पावती जपून ठेवत. माझी त्यांची गाठ त्या अक्षरानंच घातली. आमच्या हौशी नाटक मंडळीत प्रत्येक नटाला त्याच्या वाक्यांची हातानं लिहिलेली नक्कल लागायची. बद्रीनाथ दुकान बंद झाल्यावर त्या लिहून द्यायचे. पुढे पुस्तक हातात घेऊन विंगेत बसू लागले, आम्हाला शब्द पुरवायला. मी राजे व्हायचो म्हणून ते मला आयुष्यभर 'राजे' म्हणाले. मी वाक्य विसरलो की विंगेतून शब्द यायचा, आणि नंतर मेकअप पुसताना ऐकवायचे, "राजे, आज चार शब्द मी बोल्लो. मला मानधनातले चार शब्दांचे पैसे द्या."

हिशेबात त्यांचा एक नियम होता. खोडायचं नाही. चूक झाली तर त्या ओळीवर लाल रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. "चूक झाकली की चोरी होती," ते म्हणत. "चूक दिसून राह्यली तर ती नुसती चूक राहाती." वर्षाच्या शेवटी त्यांच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, सात-आठ लाल रेघा सापडायच्या आणि त्यांचा त्यांना अभिमान वाटायचा.

असा हात, म्हणून दिवाळीत त्यांना मागणी. नव्या चोपडीवर पहिला श्री बद्रीनाथनी काढला की वर्ष बराबर जातं, असं आधी एका दुकानाला वाटलं, मग शेजारच्याला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते नव्या मोंढ्यात दुकानोदुकानी फिरायचे, लोखंडाच्या कारखानदारांकडे एमआयडीसीतही जायचे. मोबदला एक नारळ. घरी उषावहिनी पुढे महिनाभर खोबऱ्याचीच चटणी करायच्या आणि म्हणायच्या, "लोकांच्या घरी लक्ष्मी, आमच्या घरी करवंट्या."

चोपड्या गेल्या, संगणक आले, पण बोलावणं थांबलं नाही. नव्व्याण्णव सालापर्यंत एकोणीस दुकानांत तोच प्रोग्राम बसला, आणि एकोणीस ठिकाणी पहिला शब्द बद्रीनाथांनी टाकला. तोच एक. तो पुढे कोणी बदलला नाही. मुहूर्ताचा श्री पुसून तिथे दुसरं काहीतरी लिहायचं, कोणाच्या मनाला आलं असतं?

करसल्लागार मच्छिंद्र वकील ह्यांच्याकडे ह्यातल्या बहुतेकांचे विक्रीकराचे कागद असायचे. दुकानांतून हिशेब फ्लॉपीवर भरून जायचा आणि त्यांच्या ऑफिसातल्या संगणकावर उघडायचा. ते चहा पिताना म्हणायचे, "उढाण, तुमच्या कृपेनं मला डोकं चालवावं लागत न्हाई. एका किल्लीत अख्खा मोंढा उघडतो." बद्रीनाथ लाजायचे. त्यांना ती स्तुती वाटे. मलाही वाटली होती, खोटं कशाला बोलू?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेठनी प्रोग्राम एका नावाचा घेतला होता, तो स्वस्त पडत होता. ते नाव BADRI. त्यामुळे दुकानात कोणीही संगणकापुढे बसला तरी तो BADRI म्हणूनच बसे. शेठचा पुतण्या बसे, तोलाईचा कारकून बसे, वकिलांच्या ऑफिसातलं कोणी बसे. रोकडपेटीची दुसरी किल्ली तसबिरीमागे खिळ्याला असायची, तीही सगळ्यांना ठाऊक. अशा घरगुती दुकानात बद्रीनाथ वीस वर्षं सुखानं होते.

दोन हजार एक सालचा जून. वर्षाचे कागद तयार करताना मच्छिंद्र वकिलांनी गाडीभाड्याच्या पावत्या मागितल्या. अकरा नोंदींच्या पावत्या मिळेनात. अकरा ट्रकांचं भाडं रोख दिलेलं, एकूण दोन लाख चौसष्ट हजार. वकिलांनी ट्रकांच्या नंबरांची चौकशी केली. दहा नंबर निघालेच नाहीत. अकरावा निघाला, तो अंबडच्या एका शिक्षकांच्या लुना मोपेडचा होता.

शेठनी मला निरोप पाठवला, "तुमचा मित्र हाये, तुमी समोर ऱ्हा." मी गेलो. गादीवर शेठ, बाजूला वकील, समोर बद्रीनाथ, मध्ये संगणकातून छापून काढलेला कागद.

"उढाण, ह्या अकरा गाड्या कव्हा आल्त्या?"

बद्रीनाथनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. "न्हाई आल्त्या, शेठ."

"मंग भाडं कसं गेलं?"

"मी न्हाई लिहिलं."

"नाव कोणाचं हाये म्होरं?"

"नाव माझं हाये. हात माझा न्हाई." मग ते एकदम उभे राहिले. "अक्षर दाखवा ना, शेठ! अक्षर बघितलं की आत्ता कळंल!"

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच उमगलं. कागदावर अकरा वेळा BADRI छापलेलं होतं, अकराही एकसारखे. ते हळूच खाली बसले.

चोरी कशी झाली ते वकिलांनी समजावून सांगितलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला भीती वाटली. पेटीतून पैसे काढायचे. मग संगणकात मागच्या एखाद्या महिन्याच्या पानावर जाऊन एक खर्चाची ओळ घुसवायची. आजच्या पानावर काहीच दिसत नाही. शिल्लक मात्र तेवढीच कमी होते. संध्याकाळी मुनीम पेटी मोजतो, पडद्यावरचा आकडा बघतो, दोन्ही जुळतात. ह्या प्रोग्रामात मागचं पान कायमचं बंद होत नव्हतं, आणि बदल केल्याची कुठे खूण राहत नव्हती.

"पण कालची शिल्लक तुमच्या ध्यानात ऱ्हायला पाहिजे होती, उढाण," वकील म्हणाले.

बद्रीनाथनी चष्मा काढून कागदावर ठेवला. वहीच्या दिवसांत कालची शिल्लक आज पुढे ओढून लिहायचं काम त्यांच्या हाताचं होतं. एक रुपया इकडचा तिकडे झाला असता तर हात अडखळला असता. सात वर्षं ते काम यंत्र करत होतं. "बराबर हाये," ते म्हणाले. "ती चूक माझी. मला लाल पेन द्या, मी सही करतो तिच्यावर. पण चोरी माझी न्हाई."

शेठनी औरंगाबादला इंजिनियरला फोन लावला आणि फोन बद्रीनाथांच्याच हातात दिला. मी अगदी जवळ बसलो होतो, पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"साहेब, हे कोणी लिहिलं तेवढं सांगा."

"BADRI असं दिसतंय ना?"

"तो मीच. पण मी न्हाई लिहिलं."

"काका, कोण बसलंय ते प्रोग्रामला दिसत नाही. त्याला फक्त नाव कळतं. तुमचा पासवर्ड आणखी कोणाला माहीत होता?"

बद्रीनाथनी दुकानभर नजर फिरवली. हमाल, मापाडी, कारकून, शेठ, वकील, मी.

"सगळ्यांलाच," ते म्हणाले. "पूजेला होते ना सगळे. तुमीपण होते."

इंजिनियर म्हणाला, "नवीन प्रोग्राममध्ये कोणी कधी काय बदललं ते सगळं उमटतं. ती सोय आहे आता. घ्यायला सांगा शेठना."

"म्होरलं न्हाई हो साहेब, मागलं पाहिजे. मागलं!"

मागलं नव्हतं. कुठेच नव्हतं.

रामरावशेठ वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "उढाण, मी पोलिसात जात न्हाई. तुमच्या वीस वर्साकडं बघून सोडून देतो. घरी बसा."

आणि तेव्हा मी जे पाहिलं ते मला कुठल्या नाटकात करता आलं नसतं. बद्रीनाथनी शेठचे पाय धरले. नोकरीसाठी नाही. "शेठ, द्या मला पोलिसात! बिलकुल सोडू नका. ते मारतील, विचारतील, पण शोधतील तरी! तुमी माफ केलं तर मंग मीच चोर झालो ना!"

शेठनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी नकाराची मान हलवली. पोलिस आले की कागद उघडणार, कागद उघडले की विक्रीकराचे साहेब येणार, आणि मोंढ्यातलं कोणतं दुकान असं होतं ज्याला आपली सगळी पानं साहेबांपुढे उघडायची होती? माफीच स्वस्त होती.

निघताना वकील हळहळून म्हणाले, "एकोणीस दुकानांला एकच किल्ली, हे बरं न्हाई झालं, उढाण." माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मोंढ्यात वाक्य फिरतं तसं ते फिरलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं झालं, 'एकोणीस दुकानांची किल्ली उढाणपाशी.' दुसऱ्या दिवशी एकोणीस ठिकाणी श्री पुसला गेला. कोणी बायकोचं नाव ठेवलं, कोणी गाडीचा नंबर. दोघा-तिघांनी आपापले हिशेब तपासले. त्यांनाही कुठे कुठे काही जुळेना. ते त्यांचंच जुनं असेल, पुतण्या-मेहुण्याचं असेल. पण आता त्याला एक नाव मिळालं होतं.

मी स्वस्थ बसलो नाही. माझ्याकडे प्रयोगांच्या डायऱ्या आहेत. त्या अकरा तारखांतली एक सापडली, नवरात्रातली: त्या दिवशी सकाळपासून आम्ही अंबडला देवीच्या गडाखाली होतो, बद्रीनाथ पुस्तक घेऊन विंगेत. त्यांनी स्वतः आणखी दोन शोधल्या. एका तारखेला ते घनसावंगीला चुलत्याच्या तेराव्याला गेले होते. एसटीचं तिकीट उषावहिनींच्या डब्यात होतं. ते दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. "राजे, झालं! निघालो मी यातून!"

आम्ही दोघं मच्छिंद्र वकिलांकडे गेलो. मी डायरी टेबलावर आपटली. मोठ्या आवाजात म्हणालो, "मी साक्षीदार आहे!"

वकिलांनी तिकीट पाहिलं, डायरी पाहिली, आणि फार हळू बोलले. "बापहो, ती तारीख त्या दिवसाची न्हाई. लिहिणाऱ्यानं मागची तारीख टाकली. ओळ कोणत्या दिवशी लिहिली ते कोणालाच ठाऊक न्हाई. मंग तुमचं तिकीट कोणत्या दिवसाला लावू?"

मी डायरी उचलली. विंगेतून शब्द देणारा माझ्या शेजारीच उभा होता, त्यानं तिकीट उचलून खिशात ठेवलं.

त्यानंतर बद्रीनाथ मोंढ्यात गेले नाहीत. दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी आंघोळ करून स्वच्छ कपडे घातले आणि ओट्यावर बसून राहिले. मी शेजारी बसलो. समोरून माणसं पूजेला जात होती, एखादा 'राम राम' करत होता, थांबत कोणी नव्हतं. दिवे लागल्यावर उषावहिनी बाहेर आल्या.

"उठा आता. कोणी येत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, सांगा ह्यांला. चोर असते तर बरं झालं असतं. निदान घरावरचे पत्रे तरी बदलले असते. वीस वर्सांत मला एक चोरीचं पातळ न्हाई आणलं ह्या माणसानं!"

बद्रीनाथ हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "उषा, दोन लाख चौसष्ट हजार कुठं ठिवले असतील?"

"कोणी?"

"असंच इचारलं."

मला तेव्हाच समजायला हवं होतं. मी समजलो की चोराबद्दल विचारताहेत. पुढे वहिनींनी सांगितलं की ते घर शोधतात. धान्याच्या कोठ्या, गादीची शिवण, माळ्यावरच्या नकलांचे गठ्ठे. काय शोधता विचारलं तर म्हणतात, "काय न्हाई, बघून राह्यलो." एका दुपारी त्यांनी अकरा नोंदी वहीत स्वतःच्या सुंदर अक्षरात उतरवून काढल्या. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "हातानं लिहिलं तर हाताला आठवंल, म्हणून." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अक्षर माझंच दिसतं ना?"

"अहो, आत्ता लिहिलं तुम्हीच, मग दिसणारच!"

"हां. तेच म्हणतो."

मी चिडलो त्या दिवशी. जन्मभर दुसऱ्यांची सोंगं आणली, पण माणूस स्वतःवरचा विश्वास कसा थेंबाथेंबानं गमावतो ते ओळखायला मी कमी पडलो. मी त्यांना धीर द्यायला येत राहिलो, आणि धीर द्यायचा तर रोज तोच विषय काढावा लागे. आता वाटतं, त्यापेक्षा आम्ही पत्ते खेळायला हवे होते.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्यांच्या किडन्या थकल्या. सरकारी दवाखान्यात ठेवलं. रामरावशेठ एकदा येऊन गेले, मोसंबी ठेवून गेले. दुकानात आता नवा मुनीम होता, नवा प्रोग्राम होता, त्यात सगळं उमटायचं म्हणे. ते अकरा ट्रक कोणी चालवले ते आजतागायत उमटलेलं नाही, आणि मी कोणावर बोट ठेवत नाही. बोट ठेवण्यापुरताही पुरावा ह्या जगात शिल्लक नाही, एवढंच जाणतो.

शेवटच्या सकाळी दहाच्या सुमाराला मी गेलो. उषावहिनी चहा आणायला खाली उतरल्या. खिडकीतून ऊन थेट उशीवर येत होतं, मी माझा रुमाल खिडकीला अडकवला. ते जागे होते. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ.

मी नेहमीचंच म्हणालो. म्हटलं, "बद्रीनाथ, मनाला लावून घेऊ नका. अख्ख्या जालन्याला ठाऊक आहे, हे तुम्ही केलेलं नाही."

त्यांनी माझा हात धरला. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू पुढचं वाक्य मी द्यायचं होतं. मग ते बोलले. पुढच्या अर्ध्या तासात डॉक्टर आले, वहिनी आल्या, धावपळ झाली, पण त्यांच्या तोंडून दुसरा शब्द आला नाही. म्हणाले,

"जालन्याचं सोडा, राजे. आता मलाच ठाऊक न्हाई. अकरा बार नाव हाये माझं. केलं असंल मीच, आन् इसरून गेलो असंल."